झडपेच्या चाकावरची टोपी

दादाने मला रॉकेल आणायला पाठवलं, तिथून हे सुरू झालं. सकाळचे दहा वाजले असतील, बाहेर लख्ख ऊन होतं. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी बॉयलरखोलीत काम केलेलं नसतं. तिथे भर दुपारी दिवा लावावा लागतो.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम. गिरण्यांची उंच धुराडी चढायची, सुटलेल्या विटा पुन्हा बसवायच्या, आणि खाली उतरलं की त्याच धुराड्याखालची वाफेची जुनी इंजिनं खोलून, घासून, जोडून चालती करून द्यायची. आता असली इंजिनं कुणाला लागत नाहीत, फक्त बघायला लागतात. ही गिरणी अकरा वर्षं बंद पडून होती. नव्या मालकांनी ती लोकांना दाखवायला उघडायचं ठरवलं. येत्या रविवारी पाहुण्यांसमोर भट्टी पेटवायची, इंजिनाचं मोठं चाक फिरवायचं, धुराड्यातून धूर काढायचा. सगळं काम दादाकडे होतं.

मला यायचं नव्हतं. याच धुराड्यात माझा नवरा गेला. पण दादा म्हणाला, “डावरे, चल. भीती अशीच मोडते.”

डावरी म्हणजे मी. सगळं डाव्या हाताने करते म्हणून लहानपणी पडलेलं नाव. शाळेत मास्तरांनी चार वर्षं पट्ट्या मारून पाहिलं, हात काही बदलला नाही. मग मीच शाळा बदलली, म्हणजे सोडली. डाव्या हाताने मारलेली गाठ उलटी बसते. माझी गाठ दुसऱ्या कुणाला सुटत नाही, ओढाल तशी आवळत जाते. दादा सगळ्यांना सांगायचा, हिने गाठ मारली की ब्रह्मदेवाच्या बापालासुद्धा हिलाच बोलवावं लागतं.

आता टोपीचं सांगते, कारण सगळं त्या टोपीवरच आहे.

भट्टी आणि धुराडं यांच्या मध्ये लोखंडी झडप असते. ती उघडायची तर भिंतीवरचं एक चाक फिरवावं लागतं. झडप उघडल्याशिवाय भट्टी पेटवता येत नाही. आमचा माणूस दुरुस्तीसाठी धुराड्याच्या आत शिरला की त्याची टोपी त्या चाकाला बांधायची. वर वारा फार, म्हणून आमच्या टोप्यांना हनुवटीखाली बांधायची मेण लावलेली दोरी असते. तीच चाकाच्या आऱ्याला बांधायची. खाली थांबणाऱ्याने बांधायची आणि माणूस बाहेर आल्यावर बांधणाऱ्यानेच सोडायची. टोपी चाकावर आहे म्हणजे माणूस आत आहे. मग मालक येऊ दे नाहीतर मालकाचा आजा, चाकाला हात लावायचा नाही.

माझा नवरा आत असायचा तेव्हा टोपी मी बांधायचे. त्याला मी अरे-तुरेच करायचे. उंचीवर चढणाऱ्या माणसाला अहो-जाहो करत बसलं तर हाक वर पोचेपर्यंत माणूस खाली यायचा. हाकेपेक्षा आम्ही हातोडीचे ठोके जास्त वापरायचो. तीन आणि एक, म्हणजे मी खाली येतोय. दोन आणि दोन, म्हणजे मला बाहेर काढा. त्याच्या हातोडीचं डोकं जरा सैल होतं, प्रत्येक ठोक्यामागे बारीक किणकिण यायची. घरी आला की दारसुद्धा तसंच वाजवायचा, तीन आणि एक. मुलगी धावत जायची.

अकरा वर्षांपूर्वी याच गिरणीत तो आत ओल्या चुन्याने विटा बसवत होता. इंजिन विकत घेणारी माणसं बघायला यायची होती. दादाने मला रॉकेल आणायला पाठवलं. परत आले तेव्हा फाटकातूनच दिसलं, धुराड्यातून धूर निघत होता.

पुढचं मी सांगणार नाही. तो वरून पडला एवढं पुरे.

चाकावर टोपी नव्हती. दादाने ती माझ्या डब्याच्या पिशवीतून काढली, सगळ्यांसमोर. म्हणाला, “अगं, टोपी इथेच राहिली की… मला काय माहीत तो आत आहे म्हणून.” मला आठवत होतं मी बांधलेली. दोरीचा मेणचट स्पर्श बोटांना आठवत होता. पण टोपी पिशवीतून निघाली, ती सगळ्यांनी बघितली. बोटांचं कोण ऐकतो? हळूहळू मीसुद्धा ऐकायचं सोडलं.

दादाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. लोकांना सांगत सुटला, तिला बोलू नका, चूक माणसाकडूनच होते. मला आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला स्वतःच्या घरी नेलं. टोपी माझ्या हातात दिली नाही, बघून जिवाला त्रास होईल म्हणे. ती नवऱ्याबरोबर चितेवरच गेली. त्या दिवसापासून दादाने मला कुणाचीही टोपी बांधू दिली नाही. तो स्वतःची टोपी स्वतःच चाकाला अडकवायचा. मला खरवडायला, घासायला, पुसायला ठेवायचा. मी खाली मान घालून घासत राहिले. माझी मुलगी मोठी झाली, नोकरीला लागून लांब गेली. फोनवर विचारायची, बरी आहेस ना. मी म्हणायचे, बरी आहे. झालं, बोलणं संपलं.

तर त्या सकाळी मी रॉकेल घेऊन आले. झडपेच्या चाकावर ग्रीसचा जाड थर होता, तो काढायचा होता. यंत्र बंद ठेवायचं असेल तर लोखंडावर ग्रीस थापून जायचं, हा आमचा नियम. अकरा वर्षांपूर्वी गिरणी बंद झाली तेव्हा दादाने स्वतः ते थापलं होतं. आता ते वाळून काळी साय धरावी तसं झालं होतं. मी कंदील खुंटीला लावला, खरवडणी घेतली.

दादा बाहेर ओट्यावर चहा पीत बसला होता. दारातून मला त्याची पाठ दिसत होती.

आधी वास आला. ओल्या चुन्याचा. या खेपेला आत चुन्याचं काम काढलंच नव्हतं… मग धुराड्यातून ठोके आले. खूप वरून. ठक, ठक, ठक. थांबला. ठक. आणि प्रत्येक ठोक्यामागे किणकिण.

खरवडणी माझ्या हातातून पडली नाही, असं लोक सांगतात तसलं काही झालं नाही. मी ती घट्ट धरली. दारात गेले आणि दादाला म्हटलं, आत कुणीतरी आहे. तो म्हणाला पारवे असतील. मी म्हटलं, पारवे हातोडी कधीपासून वापरायला लागले? तो हसला नाही. आत येऊन लोखंडी दाराशी उभा राहिला, ज्या छोट्या दारातून वाकून धुराड्यात शिरतात तिथे. पुन्हा आलं, तीन आणि एक. दादाने अर्धा चहा तसाच जमिनीवर ओतला. “रॉकेलचा वास डोक्यात गेलाय तुझ्या,” म्हणाला, आणि निघून गेला.

मी पुन्हा चाकाशी बसले. माझं काम ते करायला पाहिजे. खरवडत खरवडत आऱ्याच्या मागच्या बाजूला आले, जिथे हात वाकडा करावा लागतो. तिथे ग्रीसमध्ये काहीतरी अडकलं. मला वाटलं चिंधी असेल. रॉकेलने पुसलं.

दोरी होती. मेण लावलेली. आऱ्याला गच्च बांधलेली. गाठ उलटी.

गाठीच्या पुढे बोटभर दोरी होती आणि मग संपली होती. तुटलेली दोरी विसविशीत होते, धागे लांब-आखूड होतात. ही एका रेषेत कापलेली होती, सुरीने. माझी गाठ सुटली नाही म्हणून दादाने दोरी कापली. टोपी काढून माझ्या पिशवीत टाकली. गाठ आऱ्याच्या मागे राहिली, आणि पुढे त्यानेच तिच्यावर ग्रीस थापून ती अकरा वर्षं जपून ठेवली. चांगला कारागीर माझा दादा. ग्रीस थापताना हात कधी आखडता घेतला नाही.

मी आऱ्याच्या टोकाचा बोल्ट खोलला, ती गाठ न सोडताच आऱ्यावरून सरकवून काढली, बोल्ट परत बसवला आणि गाठ कमरेला खोचली. कुणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दादाला आतून शेवटची तपासणी करायची होती. पेटवण्याआधी आतल्या लोखंडी पायऱ्या आणि विटा एकदा ठोकून बघाव्या लागतात. नव्या मालकांचे व्यवस्थापक साहेब तिथेच उभे होते. दादा टोपी चाकाला अडकवायला गेला. मी त्याच्या हातातून घेतली आणि म्हटलं, आज मी बांधते. त्याने ती परत घ्यायला हात पुढे केला. साहेब म्हणाले, बांधू द्या की, बहीण आहे. साहेबांसमोर नाही कसा म्हणणार? मी बांधली. सावकाश, दोन वेढे देऊन. त्याला दाखवून.

तो वाकून आत गेला. मी बाहेरून लोखंडी दार लावलं, कडी घातली. नेहमीच घालतो, नाहीतर दार वाऱ्याने आपटत राहतं. साहेब इंजिनाकडे गेले. मी दाराशी जमिनीवर बसले. त्याच्या बुटांचा पायऱ्यांवरचा आवाज वर जात राहिला, बारीक होत गेला.

धुराड्यात ओरडलं तर नुसता घुमारा होतो, काही कळत नाही. हळू बोललेलं मात्र वरपर्यंत स्वच्छ जातं. मी दाराच्या फटीला तोंड लावलं.

“दादा,” मी म्हटलं, “चाकामागे माझी गाठ सापडली.”

बुटांचा आवाज थांबला. काजळी खाली पडल्याची तेवढी बारीक सरसर. मग त्याचा आवाज आला, अगदी कानाशी बसून बोलावा तसा.

“माणसं दारात उभी होती गं. मी फटीतून त्याला उतर म्हटलं. तो आलोच म्हणाला. मला वाटलं पहिला धूर वर पोचेपर्यंत उतरेल…”

“आणि पिशवी?”

“तू बाईमाणूस. तुला लोक माफ करतील असं वाटलं. मला परत कुणी धुराड्याला हात लावू दिला नसता.”

मी त्याला सांगितलं की लोकांनी मला माफ केलंच नाही. माफ तू करत होतास, रोज, जेवायच्या ताटावर, चारचौघांत. न केलेल्या चुकीची माफी अकरा वर्षं गिळली मी, आणि वर तुझे उपकार मानले. आता मला काही नको. फक्त माझ्या मुलीला हे तुझ्या तोंडाने सांग.

तो म्हणाला, आता सांगून काय उपयोग, पोर आपल्या मार्गाला लागली आहे. झालं ते झालं.

तेवढ्यात ठोके आले. तीन आणि एक. किणकिण. दादाच्या आवाजाच्या वरून.

“डावरे…” दादा म्हणाला. “माझ्या वर कुणी नाहीये ना?”

“तूच बघ.”

“वर नुसतं आभाळ आहे…”

तीन आणि एक. आणखी खाली. चुन्याचा वास फटीतून माझ्या तोंडावर आला. दादाचे बूट पायऱ्यांवर घसरत, आपटत खाली यायला लागले. तो हातोडीने भिंतीवर बडवत होता. दोन आणि दोन. दोन आणि दोन.

मी कडी काढली. मी काही त्याच्यासारखी नाही. दार सताड उघडलं.

दादा बाहेर आला. तोंड काजळीने माखलेलं, डोळे समोर. माझ्याकडे बघितलं नाही. चाकावरच्या टोपीकडे बघितलं नाही. मी म्हटलं, टोपी? तो चालत राहिला. बॉयलरखोलीतून अंगणात, अंगणातून फाटकाकडे. उन्हात त्याची पाठ मला दिसत होती. तो फाटकापर्यंत पोचला आणि तेव्हा माझ्या मागे, उघड्या दाराच्या आतून, वरून, हळू आवाज आला.

“डावरे… बाहेर काढ.”

आवाज दादाचा होता. आणि दादा फाटकातून बाहेर पडत होता.

मी दार लावलं. चाकाशी गेले. टोपीला हात लावला, तर आतून घामाने ओली होती.

रविवारी भट्टी पेटली नाही. मी साहेबांना सरळ सांगितलं, टोपी चाकावर आहे, माणूस आत आहे. ते म्हणाले, तुमचा भाऊ तर घरी बसलाय. मी म्हटलं, मग उघडा झडप, मी अडवत नाही. त्यांनी चाकाला हात घातला, तेवढ्यात आतून दोन आणि दोन वाजलं. त्यांनी हात काढून रुमालाला पुसला. पाहुण्यांसमोर इंजिन त्यांनी पंपाच्या हवेवर फिरवलं. मोठं चाक फिरलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. धुराड्यातून धूर निघाला नाही, तेवढंच.

वहिनी दोनदा येऊन गेली. म्हणाली, “वन्सं, हे खातात, झोपतात, पण तोंडातून शब्द नाही. आणि आंघोळीचं पाणी रोज काळं निघतं… किती घासलं तरी. ती टोपी तेवढी सोडा ना.” मला तिचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तिने माझं काही वाकडं केलेलं नाही. मी म्हटलं, मुलीला येऊ दे आधी.

मुलगी आली. मी तिला फोनवर एवढंच सांगितलं होतं की एक वस्तू सापडली आहे, ये आणि बघ. सकाळच्या उन्हात तिला बॉयलरखोलीत नेलं आणि कमरेची गाठ काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती उलटसुलट फिरवली. कापलेल्या टोकावर अंगठा फिरवला. तीसुद्धा डावरी आहे; ती गाठ काय आहे हे तिला सांगावं लागलं नाही. मी दादाचे शब्द सांगितले, जसेच्या तसे.

मग वरून तीन आणि एक आलं. तिचं तोंड नऊ वर्षांच्या मुलीसारखं झालं.

“बाबा?” ती म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याची टोपी कुणी सोडलीच नव्हती. कापली होती. गाठ होती तशीच होती, म्हणजे आमच्या नियमाने तो अजून आतच होता. अकरा वर्षं सांगत होता, खाली येतोय, आणि कुणी त्याला बाहेर आल्याचं धरलं नव्हतं.

मी गाठ मुलीच्या हातातून घेतली आणि सोडली. डाव्या हाताने, दातसुद्धा न लावता. मेण भुगा होऊन गळलं.

ठोके खाली येत गेले. तीन आणि एक. अजून खाली. शेवटचे ठोके लोखंडी दारावर, आतून, घरी आल्यासारखे. मुलगी धावली आणि तिने दार उघडलं. आत काही नव्हतं. ओल्या चुन्याचा वास आमच्या दोघींच्या मधून गेला, आणि बाहेर अंगणात उन्हात विरला. तिने माझा हात धरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

आम्ही तशाच उभ्या होतो. मग धुराड्यात वाजलं. दोन आणि दोन.

तिने विचारलं, हे कोण. मी म्हटलं, तुझा मामा. त्याला बाहेर यायचंय. ही टोपी त्याची. सोडली की येईल बहुतेक, आणि मग त्याला बोलता येईल. तुला सांगेल की नाही, ते मला माहीत नाही.

ती चाकापाशी जाऊन उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मामाने मला सांगितलं होतं, आईला त्या दिवसाचं कधी विचारू नकोस, तिला लागेल. म्हणून मी कधी विचारलं नाही.”

दोन आणि दोन. दोन आणि दोन.

तिने टोपीच्या दोरीचं मोकळं टोक उचललं आणि माझ्या गाठीवर दुसरी गाठ मारली. उलटी. आवळून.

याला आता चार महिने झाले. मी रोज सकाळी इंजिनाला तेल द्यायला जाते, ते काम साहेबांनी मलाच दिलंय. टोपी चाकावर आहे, रोज ओली असते. गाठी दोन आहेत, सोडायला दोघी लागतील. वहिनी अजून येते. मी तिला म्हणते, बघू.

दादा आत दोन आणि दोन वाजवत राहतो. त्याचं मला काही नाही, त्याला वाजवू दे. पण गेल्या आठवड्यापासून त्याच्या ठोक्यांना वरून कुणीतरी उत्तर देतंय. तीन आणि एक, खाली येतोय म्हणून. किणकिण नाही, सावकाश, जड हाताने.

आणि माझा नवरा तर बाहेर आलाय.